फॅलो शेत आणि फॅलो हरीण: कृपा करून एक करू नका

परवा परत एका भाषांतरात फॅलो डिअर या युरोपातल्या हरणाचं 'पडीक रानातलं हरीण' झालेलं वाचलं आणि डोकं फिरलं.

इंग्रजीत फॅलो हे दोन वेगळे शब्द आहेत. शेताचं फॅलो तुम्हाला माहितीये, सातबाऱ्यावर पड लिहितात तेच. फक्त मुळात त्याचा अर्थ नांगरलेली जमीन असा होता, नांगरून न पेरता ठेवलेली हा अर्थ सोळाव्या शतकातला. बास, पुढे चला.

हरणाचं फॅलो हा रंग आहे, आणि आता तो शब्द जवळजवळ या हरणापुरताच उरलाय. जुन्या इंग्रजीत फेआलु, म्हणजे फिकट पिवळट तपकिरी, उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत वाळून जसं दिसतं तसा. बेवुल्फ या जुन्या काव्यात घोडे फेआलु आहेत, रस्ता फेआलु आहे आणि समुद्राचं पाणीपण फेआलु आहे, त्यामुळे शेडकार्ड घेऊन बसू नका, नेमक्या छटेपेक्षा फिकेपणा आणि चमक जास्त महत्त्वाची असावी.

खरा घोळ स्पेलिंगने केलाय. शेताचा जुना इंग्रजी शब्द होता फेआल्ह, त्याच्या विभक्तीच्या रूपांमध्ये ग यायचा, आणि रंगवाल्याच्या रूपांमध्ये व. पुढे इंग्रजीत असा ल किंवा र नंतरचा ग घसरून व झाला (दुःख या अर्थाच्या सॉर्गचं सॉरो झालं ते असंच) आणि दोन वेगळ्या घरचे शब्द एकाच फॅलोत येऊन बसले. मग हुशार लोक सांगतात, पडीक शेताच्या रंगाचं म्हणून फॅलो! अहो, नुकतं नांगरलेलं शेत बघितलंय का कधी? आपल्याकडे तर काळंभोर दिसतं. रंगवाल्या फॅलोचे भाऊबंद म्हणजे लॅटिन पॅलिडस, ज्यातून इंग्रजीतला पेल म्हणजे फिकट हा शब्द आला, आणि चक्क आपलं संस्कृत पलित, पिकलेल्या केसांचं. म्हणजे या हरणाचं नातं आजोबांच्या डोक्याशी आहे, बांधापलीकडच्या पडीशी नाही.

आता फोटो बघून त्याला चितळ म्हणणारे. उन्हाळ्यात त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात हे खरं, पण नराची शिंगं बघा ना, टोकाकडे पसरट, पंजासारखी. नॉर्मन लोकांनी अकराव्या शतकात इंग्लंडात आणलेलं हरीण ते. गंमत म्हणजे त्यात काळी आणि पांढरीपण असतात, तरी नाव फॅलोच.

मराठी करायचंच असेल तर पिंगट हरीण म्हणा, नाहीतर सरळ फॅलो डिअर ठेवा, पण ते पडीक तेवढं काढा.