पेंटागॉनच्या खांबातली स्प्रिंग

कॉलम, म्हणजे काँक्रीटचा खांब, भरण्याआधी फिटर उभ्या सळयांना बाहेरून चौकोनी रिंगा बांधत असतो. सळया जागेवर राहाव्यात म्हणून बांधतोय, असं बघणाऱ्याला वाटतं. रिंगेचं खरं काम समजून घ्यायचं तर पेंटागॉनच्या खांबात डोकवावं.

अमेरिकेच्या तेव्हाच्या युद्ध खात्याची ही कचेरी. ठरलेली पहिली जागा पाच रस्त्यांच्या मध्ये सापडली होती, म्हणून नकाशा पंचकोनी झाला. आर्लिंग्टनच्या दफनभूमीतून दिसणारा देखावा झाकला जाईल म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी जागा बदलायला लावली; आकार मात्र तोच राहिला. ११ सप्टेंबर १९४१ ला काम सुरू झालं आणि १५ जानेवारी १९४३ ला संपलं. सोळा महिन्यांत २८ किलोमीटर लांबीचे कॉरिडॉर! आपल्याकडे तेवढ्यात एखादा पूलही होत नाही.

युद्धामुळे पोलाद जहाजांना हवं होतं. मग इमारत काँक्रीटची केली, पोटोमॅक नदीतून ६,८०,००० टन वाळू आणि खडी उपसली, आणि माणसांसाठी लिफ्टऐवजी उतार बांधले. खांबांच्या पोटात मात्र सुट्या रिंगांऐवजी सलग गुंडाळलेली सळई होती, स्प्रिंगसारखी.

तिचा उपयोग काय? काँक्रीट वरून दाबलं की बाजूंना फुगतं, आणि फुगता फुगता फुटतं. मोकळ्या वाळूच्या ढिगावर पाय दिला तर वाळू बाजूला सरकते. तीच पोत्यात ठासून भरली की त्यावर खुशाल उभं राहता येतं. ती गुंडाळी म्हणजे खांबाचं पोतं. बाहेरचा थर झडला तरी आतला गाभा आवळलेला राहतो आणि भार पेलत राहतो. सळई जितकी जवळजवळ गुंडाळलेली, तितकी पकड घट्ट.

काम सुरू झाल्याला बरोबर साठ वर्षं झाली त्या दिवशी, ११ सप्टेंबर २००१ ला, विमान येऊन आदळलं. तळमजल्यावरचे कितीतरी खांब उडाले, तरी वरचे मजले लगेच खाली आले नाहीत. तुळयांच्या सळया आधारांवरून सलग पुढे गेलेल्या असल्यामुळे भार शेजारच्या खांबांकडे वळला. आगीत तापून तो भाग पडला, पण तोवर आतल्या अनेकांना बाहेर निघता आलं. नंतर पाहणी करणाऱ्या इंजिनिअरांना ढिगाऱ्याजवळ धनुष्यासारखे वाकलेले खांब दिसले: वरचं काँक्रीट पार सोललेलं, सळईच्या वेढ्यांतला गाभा मात्र शाबूत.