एडवर्ड्स पत्रसंग्रह

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, साउथ बेंड शहरालगत असलेल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचे ग्रंथपाल व संग्राहक जेम्स फार्नहॅम एडवर्ड्स (१८५०–१९११) यांच्या पत्रव्यवहाराचा संग्रह. तो याच विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. अमेरिकेतील कॅथलिक चर्चची विखुरलेली जुनी कागदपत्रे एका छताखाली आणण्याचा प्रयत्न एडवर्ड्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत केला. हाताशी मोठा निधी किंवा कोणताही अधिकार नसताना हे काम मुख्यतः पत्रे लिहून झाले. त्यामुळे या संग्रहाला एका ग्रंथपालाच्या खासगी कागदांपेक्षा अधिक महत्त्व आहे. नोत्र दाम येथील जुनी धर्मप्रांतीय (बिशपांच्या अधिकारक्षेत्रांची) दप्तरे कशी, कोणाच्या हातून आणि कोणत्या समजुतीने तेथे आली, हे जाणण्याचे ते प्रमुख साधन आहे.

एडवर्ड्स यांचा जन्म ओहायो राज्यातील टोलीडो येथला. वयाच्या नवव्या वर्षी, १८५९ मध्ये, ते विद्यार्थी म्हणून नोत्र दामला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. होली क्रॉस या कॅथलिक धर्मसंघाचे एडवर्ड सोरिन यांनी १८४२ मध्ये स्थापन केलेली ही संस्था त्या काळी बरीचशी निवासी शाळेसारखी होती. लहान मुलांपासून पदवीच्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्वजण एकाच आवारात राहत. एडवर्ड्स यांनी तेथे लॅटिन, वक्तृत्व व इतिहास हे विषय शिकवले. विद्यापीठाचे चौथे अध्यक्ष आणि सोरिन यांचे पुतणे फादर ऑगस्त लेमोनिये यांनी १८७३ च्या सुमारास विद्यार्थ्यांना पुस्तके वाचायला नेता येतील असे ग्रंथालय सुरू केले. पुढल्याच वर्षी त्याची जबाबदारी एडवर्ड्स यांच्याकडे आली. लेमोनिये १८७४ मध्ये वारले व ग्रंथालयाला त्यांचे नाव मिळाले. एडवर्ड्स धर्मगुरू नव्हते. चर्चच्या अधिकारपरंपरेत स्थान नसलेल्या या प्रापंचिक प्राध्यापकाने देशभरच्या बिशपांकडे त्यांच्या पूर्वसुरींची दप्तरे मागावीत आणि अनेकांनी ती द्यावीत, ही या पत्रव्यवहारातील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय.

संग्रहाचा आरंभ : एडवर्ड्स यांच्या संग्रहकार्याचा आरंभ निश्चित कोणत्या वर्षी धरावा, याबाबत एकवाक्यता नाही. ग्रंथपालपद स्वीकारल्यापासून, म्हणजे १८७४ पासून, तो धरण्याकडे एक कल आहे. दुसऱ्या मांडणीत २३ एप्रिल १८७९ च्या आगीला निर्णायक स्थान दिले जाते. त्या दिवशी विद्यापीठाची मुख्य इमारत भस्मसात झाली आणि ग्रंथालयातील बहुतेक पुस्तके गेली. इमारत मात्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत पुन्हा उभी राहिली आणि ग्रंथालयाची जुळवाजुळव नव्याने सुरू झाली. पुस्तके गोळा करण्यासाठी जी पत्रे गेली, त्यांतूनच जुन्या कागदांची मागणी वाढत गेली, असे या मांडणीत मानतात. दोन्ही मतांत तथ्य असले, तरी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. आगीपूर्वी एडवर्ड्स जे जमवत होते, ते प्रामुख्याने बिशपांच्या आठवणवस्तूंच्या स्वरूपाचे होते. दप्तरांचा पद्धतशीर पाठपुरावा अठराशे ऐंशीच्या दशकात दिसू लागतो. अर्थात दोहोंमध्ये काटेकोर रेषा ओढणे कठीण आहे. बिशपाची अंगठी मागणारा माणूस त्याच पत्रात त्याच्या हस्ताक्षरातील कागदही मागत असे.

या कार्याची तीन अंगे होती. ‘बिशप्स मेमोरियल हॉल’ या दालनात दिवंगत बिशपांचे मुकुट, दंड, अंगठ्या, गळ्यातील क्रूस आणि तैलचित्रे मांडलेली असत. ‘कॅथलिक रेफरन्स लायब्ररी ऑफ अमेरिका’ या विभागात अमेरिकन कॅथलिकांनी लिहिलेले मुद्रित वाङ्मय एकत्र करायचे होते. ‘कॅथलिक अर्काइव्ह्ज ऑफ अमेरिका’ हे तिसरे अंग हस्तलिखितांसाठी होते. दालन पाहायला आलेल्या पाहुण्यांना पहिले अंग अर्थातच अधिक भावले. संशोधनाच्या दृष्टीने टिकले ते तिसरे.

पत्रव्यवहाराचे स्वरूप : आज उपलब्ध असलेल्या संग्रहात मुख्यतः एडवर्ड्स यांना आलेली पत्रे आहेत. त्यांनी स्वतः पाठवलेली पत्रे ज्याच्या त्याच्या कागदपत्रांत विखुरली गेली. म्हणून त्यांची मूळ विनंती काय होती, हे बऱ्याच वेळा उत्तरावरून ताडावे लागते. सुदैवाने त्या काळची उत्तरे मागणीचा उल्लेख करूनच पुढे जातात, त्यामुळे संवादाचा धागा सहसा तुटत नाही. पत्रलेखकांत बिशप व त्यांचे सचिव आहेत, दिवंगत धर्मगुरूंचे नातेवाईक आहेत, मठांतील भगिनी, माजी विद्यार्थी, पत्रकार व इतिहासलेखक आहेत. शिकागोतील प्रतिष्ठित कॅथलिक गृहस्थ विल्यम ओनाहन आणि त्याच शहरातील लेखिका व कलाशिक्षिका एलायझा ॲलन स्टार यांची पत्रे स्नेहाच्या नात्यातली आहेत. इतिहासलेखक जॉन गिलमरी शे (१८२४–९२) यांच्याशी झालेला व्यवहार अधिक अभ्यासविषयक आहे. अमेरिकन कॅथलिक चर्चचा बहुखंडी इतिहास लिहिणाऱ्या शे यांना साधने हवी होती आणि एडवर्ड्स यांना त्या साधनांचा ठावठिकाणा सांगणारा जाणकार. शे यांचे स्वतःचे ग्रंथालय मात्र पुढे वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाकडे गेले.

नोत्र दाम विद्यापीठाच्या लेटारे पदकाचा उगमही या पत्रव्यवहाराशी निगडित आहे. पोप दरवर्षी उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी (लेटारे रविवारी) सुवर्णगुलाबाला आशीर्वाद देत आणि तो एखाद्या मान्यवराला देत असत. त्या धर्तीवर अमेरिकेतील प्रापंचिक कॅथलिकांचा गौरव करावा, ही कल्पना सामान्यतः एडवर्ड्स यांच्या नावे मांडली जाते. ती प्रत्यक्षात आणायला सोरिन आणि तत्कालीन अध्यक्ष टॉमस वॉल्श यांची संमती लागली असल्याने श्रेय एकट्याचे मानू नये, असेही म्हणता येईल. परंतु मूळ सूचना एडवर्ड्स यांची होती, हे मत स्वीकारण्यास अडचण दिसत नाही. पहिले पदक १८८३ मध्ये शे यांना मिळाले, १८८५ मध्ये स्टार यांना, १८९० मध्ये ओनाहन यांना आणि १८९२ मध्ये विचारवंत ओरेस्टिस ब्राउनसन यांचे पुत्र हेन्री ब्राउनसन यांना. पत्रलेखकांची नावे आणि मानकऱ्यांची नावे अशी वारंवार एकत्र येतात. यावरून पदक हे कागद मिळवण्याचे साधन होते असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. एडवर्ड्स यांचा स्नेहपरिवार आणि देशातील सुशिक्षित कॅथलिकांचे वर्तुळ हे बरेचसे एकच होते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

जमा झालेली दप्तरे : या पत्रांच्या बळावर जे जमले त्यात ओहायोतील सिनसिनाटीचे दप्तर विशेष महत्त्वाचे आहे. जॉन बॅप्टिस्ट पर्सेल १८३३ मध्ये तेथे बिशप झाले, १८५० मध्ये आर्चबिशप झाले व १८८३ मध्ये वारले. अर्धशतकाच्या या कारकिर्दीत युरोपातील धर्मप्रसार मंडळांपासून खेड्यांतील धर्मगुरूंपर्यंत सर्वांची पत्रे त्यांच्याकडे साठली होती. त्यांचे भाऊ चालवत असलेली ठेवींची पेढी १८७८ मध्ये बुडाली आणि आर्चबिशपांची अखेरची वर्षे त्या आपत्तीत गेली. अशा वेळी जुन्या कागदांची निगा राखली जाणे अवघड असते.

डेट्रॉइटचा इतिहास वेगळ्या तऱ्हेने गुंतागुंतीचा आहे. पहिले बिशप फ्रेडरिक रेझे यांना अल्पावधीत कारभार सोडावा लागला, तरी १८७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत पद त्यांच्याच नावावर राहिले. प्रत्यक्ष कारभार १८४१ पासून पीटर पॉल लफेव्हर यांनी पाहिला. या दोघांच्या काळातील पत्रे नोत्र दामला आली. इंडियानातीलच व्हिन्सेन्स धर्मप्रांताची गोष्ट तर अधिक जवळची आहे, कारण नोत्र दामची स्थापना त्याच धर्मप्रांताच्या हद्दीत झाली. तेथील पहिले बिशप सिमोन ब्रूते १८३४ मध्ये आले. पुढे धर्मप्रांताचे केंद्र इंडियानापोलिसला हलले आणि १८९८ मध्ये नावही बदलले.

न्यू ऑर्लिन्सहून आलेले दप्तर सर्वांत जुने होय. ‘लुइझियाना व फ्लोरिडा धर्मप्रांत’ या नावाखाली त्यात १५७६ ते १८०३ या काळातील कागद आहेत आणि त्यांची मुख्य भाषा स्पॅनिश आहे. न्यू ऑर्लिन्स शहर १७१८ मध्ये वसले आणि धर्मप्रांताची स्थापना १७९३ ची. मग १५७६ चा कागद तेथे कसा, असा प्रश्न पडतो. हा प्रदेश आधी क्युबातील सॅन्तिआगोच्या आणि नंतर हवानाच्या बिशपांच्या अधिकाराखाली होता. त्यामुळे मूळ अधिकारक्षेत्राशी संबंधित जुने कागद त्याच दप्तरात आले असावेत, हे स्पष्टीकरण पुरेसे वाटते. पहिले बिशप लुइस पेन्याल्व्हेर १७९५ मध्ये आल्यानंतरचा भाग अर्थातच अधिक सलग आहे.

धर्मप्रांतांबाहेरील सर्वांत मोलाची भर म्हणजे विचारवंत व संपादक ओरेस्टिस ब्राउनसन (मृत्यू १८७६) यांची कागदपत्रे. ती त्यांचे पुत्र हेन्री यांच्याकडून मिळाली. ब्राउनसन यांचे अवशेषही १८८६ मध्ये डेट्रॉइटहून आणून नोत्र दामच्या चर्चखाली पुन्हा पुरण्यात आले.

मालकी व मूळ संदर्भाचा प्रश्न : एडवर्ड्स यांच्या पद्धतीवर अभिलेखशास्त्राच्या अंगाने घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे. ज्या कार्यालयात कागद निर्माण झाले, त्या कार्यालयाच्या दप्तराची अखंडता मोडू नये, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ च्या सरकारी परिपत्रकाने मान्य झाले होते. १८९८ मध्ये नेदरलँड्समधील अभिलेखपालांनी त्याला नियमबद्ध रूप दिले. बिशपाचे दप्तर हे व्यक्तीचे नसून पदाचे असते. ते त्याच्या वारसाने किंवा उत्तराधिकाऱ्याने शेकडो मैलांवरच्या विद्यापीठाला द्यावे का, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. दिलेले कागद भेट होते की ठेव, हेही प्रत्येक वेळी स्पष्ट नव्हते. १९१७ च्या चर्च कायदासंहितेने प्रत्येक बिशपाने आपल्या धर्मप्रांतात सुरक्षित अभिलेखागार ठेवावे असा दंडक घातला. त्या दंडकाच्या प्रकाशात पाहिल्यास एडवर्ड्स यांचे केंद्रीकरण चुकीच्या दिशेचे वाटू शकते.

तथापि हा आक्षेप लावताना काळाचे भान सुटते. अठराशे ऐंशीच्या सुमारास अनेक अमेरिकन धर्मप्रांतांत दप्तर ठेवायला वेगळी खोलीही नव्हती. बिशप बदलला, निवास बदलला किंवा केंद्रच दुसऱ्या शहरात गेले, तर जुने कागद पोटमाळ्यावर पडत अथवा जाळले जात. याच काळात इतरत्रही अशी जाग येऊ लागली होती. फिलाडेल्फिया व न्यू यॉर्क येथील कॅथलिक इतिहासमंडळे १८८४ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी फादर अँड्र्यू लॅम्बिंग यांनी पिट्सबर्ग येथे इतिहाससाधनांचे नियतकालिक सुरू केले आणि ते पुढे फिलाडेल्फियाच्या मार्टिन ग्रिफिन यांनी चालवले. एवढे होऊनही धर्मप्रांतांच्या समग्र दप्तरांना आश्रय देण्याची जबाबदारी एडवर्ड्स यांच्याइतक्या व्यापक प्रमाणावर कोणी उचलली नाही. कागद मूळ जागी राहिले असते तर बरे झाले असते, हे खरे. पण ते मूळ जागी राहिलेच असते, असे गृहीत धरायला आधार नाही. हे नोंदवताना त्यांच्या कामाची एक उणीवही मान्य केली पाहिजे. त्यांचा ओढा स्मृतिचिन्हांकडे होता आणि सुंदर हस्ताक्षरातील एकेक पत्र त्यांना दप्तराच्या क्रमाइतकेच प्रिय होते. परिणामी काही कागदांचा मूळ गट हरवला. आज तो शोधायचा, तर एडवर्ड्स यांना आलेल्या पत्रांकडेच वळावे लागते. अमुक गठ्ठा पाठवला, अमुक पत्रे शोधून नंतर पाठवतो, अमुक कागद वाचून परत करावेत, अशा मजकुरावरून अभ्यासकाला गठ्ठ्यांची पूर्वस्थिती पुन्हा मांडता येते. संग्राहकाचा पत्रव्यवहार जपला नाही, तर त्याच्या संग्रहाचा अर्धा अर्थ नाहीसा होतो.

नंतरचा इतिहास : अखेरच्या वर्षांत एडवर्ड्स यांची प्रकृती ढासळली व संग्रहाची वाढ मंदावली. त्यांच्या निधनानंतर ग्रंथपाल झालेले फादर पॉल फॉइक यांनी कागदांच्या वर्गवारीकडे लक्ष दिले. ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत १९१७ मध्ये झाली. फॉइक १९२४ मध्ये टेक्सासला गेले. १९२९ पासून फादर टॉमस मॅकअव्हॉय यांनी अभिलेखागाराची सूत्रे घेतली व १९६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच या क्षेत्रातील अधिकारी व्यक्ती होते.

या काळातील मुख्य काम म्हणजे ‘कॅलेंडर’ या नावाने ओळखली जाणारी कालानुक्रमी सारसूची. तिच्यात प्रत्येक कागदासाठी स्वतंत्र नोंद असते : तारीख, लिहिणारा व त्याचे ठिकाण, घेणारा व त्याचे ठिकाण, मजकुराचा गोषवारा, पेटीचा संकेतांक, पत्र स्वहस्ताक्षरातील व सहीचे आहे की प्रत आहे, पृष्ठसंख्या आणि कागदाचा आकार. सर्व संग्रहांतील नोंदी तारखेनुसार एकत्र लावल्यामुळे पर्सेल यांना सिनसिनाटीत मिळालेले पत्र आणि त्याच दिवशी ब्राउनसन यांना आलेले पत्र शेजारी शेजारी येतात. मूळ दप्तरांचे विभाजन यात दिसेनासे होते, ही तक्रार रास्त आहे. उलट, एखाद्या आठवड्यात देशभरच्या कॅथलिक वर्तुळांत काय चालले होते, हे दाखवणारे इतके सोयीचे साधन क्वचितच आढळते. गोषवारा मूळ पत्राची जागा घेऊ शकत नाही. विशेषतः स्पॅनिश, फ्रेंच व लॅटिन पत्रांच्या इंग्रजी सारांशांत स्वर आणि सूचक शब्द गळतात, म्हणून उद्धरणासाठी मूळ कागद पाहणे आवश्यक ठरते.

विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात ब्राउनसन यांची कागदपत्रे आणि लुइझियाना व फ्लोरिडा धर्मप्रांताचे दप्तर सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) घेण्यात आले. १९६३ मध्ये उघडलेल्या नव्या ग्रंथालयाच्या इमारतीत अभिलेखागाराला जागा मिळाली. सारसूचीच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात आणि एडवर्ड्स यांच्या नावाने शोध घेतल्यास त्यांना आलेल्या पत्रांचे गोषवारे तारखेच्या क्रमाने वाचता येतात.