ब्रिटनमधील चर्च इंटर्नशिप : आठवड्याचे वेळापत्रक आम्ही आधी का मागतो

पुणे, अहिल्यानगर आणि आसपासच्या मंडळ्यांतून ब्रिटनमधील एखाद्या चर्चमध्ये वर्षभराच्या इंटर्नशिपसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांची व्हिसाची कागदपत्रे आमचे कार्यालय तयार करते. फाइल हाती घेण्यापूर्वी आम्ही तेथील चर्चने लिहून दिलेले, सोमवार ते रविवार असे संपूर्ण आठवड्याचे वेळापत्रक मागतो. त्यावर पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘रविवारी भक्तीला मदत करायची आहे, मग बाकीच्या सहा दिवसांचे काय लिहायचे?’ हे पत्रक त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

इंटर्नचा रविवार लवकर सुरू होतो. साडेदहाच्या भक्तीसाठी नऊच्या सुमारास पोहोचून खुर्च्या मांडणे, ध्वनियंत्रणा तपासणे, संडे स्कूलच्या मुलांचे साहित्य काढून ठेवणे ही कामे असतात. भक्तीनंतर चहा-कॉफीच्या वेळी नव्या लोकांशी बोलणे हेही कामच मानले जाते, आणि पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी दुसरी भक्ती असते. त्यामुळे सुट्टी रविवारी नसते. ती बहुधा सोमवारी किंवा शुक्रवारी मिळते. मंगळवारी पाळकांसह सर्व सेवकांची बैठक आणि प्रार्थना होते. आठवड्याच्या मध्यावर लहान मुले व त्यांच्या आयांचा गट जमतो, संध्याकाळी घरसभा असते, एक पूर्ण दिवस बायबलच्या व ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासासाठी राखलेला असतो आणि शुक्रवारी रात्री किशोरवयीन मुलांचा तरुण संघ भरतो. प्रत्येक चर्चचा क्रम वेगळा असतो, म्हणूनच आम्ही छापील नमुना भरून देत नाही.

हा तपशील मागण्याचे कारण असे की, व्हिसाचा प्रकार त्या आठवड्यावर ठरतो. पर्यटक म्हणून गेलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत फार तर ३० दिवस स्वयंसेवा करता येते, त्यामुळे ‘व्हिजिट व्हिसावर जाऊ, नंतर बघू’ हा मार्ग आम्ही सुचवत नाही. विनावेतन सेवेसाठी चॅरिटी वर्कर व्हिसा असतो. तो १२ महिन्यांपर्यंत मिळतो आणि त्यावर राहणे, जेवण, प्रवास असा वाजवी खर्च चर्च देऊ शकते. पगार देऊ शकत नाही. रिलिजियस वर्कर व्हिसा २४ महिन्यांपर्यंतचा असून त्याच्या अटी निराळ्या आहेत.

आता ज्या चुकीमुळे सर्वाधिक वेळ जातो, ती सांगतो. विद्यार्थी नम्रतेने लिहितात, ‘कार्यालयात मदत, इमारतीची देखभाल, पडेल ते काम.’ आपल्याकडे ‘पडेल ते काम करीन’ हा गुण आहे, पण व्हिसाच्या अर्जात तोच अडसर ठरतो. चॅरिटी वर्करचे काम संस्थेच्या मूळ उद्देशाला थेट हातभार लावणारे असावे लागते. नेहमीचे कारकुनी काम, विक्री, निधी गोळा करणे आणि इमारतीची देखभाल या भूमिका त्यात बसत नाहीत. आमच्याकडे आलेल्या एका मुलीच्या पत्रात पहिल्याच ओळीत ‘ऑफिस व परिसर साहाय्य’ असे होते. चौकशी केल्यावर कळले की ती आठवड्यातील चार दिवस मुलांमध्ये आणि एकाकी वृद्धांच्या भेटीगाठींत घालवणार होती, कार्यालयात फक्त मंगळवारची सकाळ. ते एक वाक्य बदलून घेण्यात तीन आठवडे गेले, कारण चर्चने व्हिसाच्या अर्जासाठी द्यायचे प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र आधीच दिले गेले होते आणि चर्चला त्यात दुरुस्तीची टीप जोडावी लागली. हे प्रमाणपत्र म्हणजे कागद नसून संगणकीय नोंदीचा क्रमांक असतो, आणि मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो वापरावा लागतो. म्हणून तो क्रमांक तयार होण्याआधीच वेळापत्रक आमच्या टेबलावर आले पाहिजे. जे काम खरोखर करायचे आहे तेच नेमक्या शब्दांत लिहावे. नसलेले काम आम्ही कोणाच्याही आग्रहाने घालत नाही.

काही पालकांना ही अट म्हणजे आमची दिरंगाई वाटते. वेळापत्रक तपासण्याचे आणि गरज पडल्यास तेथील चर्चला आमच्यातर्फे पत्र लिहिण्याचे शुल्क आम्ही वेगळे घेत नाही, एवढे येथे नमूद करतो. पाळकसाहेबांना इंग्रजी पत्राचा मसुदा हवा असल्यास तोही आम्ही करून देतो.

वेळापत्रकावरून पुढची कामेही ठरतात. मुलांमध्ये काम असेल तर चर्च गुन्हेविषयक पडताळणी मागते, त्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आधीच काढून ठेवावे. मुक्काम सहा महिन्यांहून अधिक असल्यास क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो आणि तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०२४ पासून तो वर्षाला १,०३५ पौंड आहे. चर्चने निर्वाहाची हमी घेतली नसेल तर १,२७० पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एकाही दिवशी ती कमी झाली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून त्या महिन्यात त्या खात्यातून घरखर्च करू नये.

घरच्यांसाठी एक गोष्ट. भारताची वेळ ब्रिटनच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. रविवारी दुपारी जेवण आटोपून आई फोन लावते, तेव्हा तिकडे मुलगी खुर्च्या मांडत असते आणि फोन न उचलल्यामुळे इकडे काळजी सुरू होते. वेळापत्रकाची एक प्रत घरी भिंतीवर लावावी आणि फोन सुट्टीच्या दिवशी करावा.

कार्यालयात येताना पासपोर्ट, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, आपल्या मंडळीच्या पाळकांचे पत्र आणि तेथील चर्चच्या सहीचे वेळापत्रक सोबत आणावे. वेळापत्रक अजून आले नसेल तर चर्चचा ईमेल पत्ता आणावा. आमचे पत्र त्याच दिवशी जाईल.