फ्रेंड्स ऑफ द बॉडलियन

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयाला पाठबळ देणारे मित्रमंडळ. स्थापना १९२५. जगातील सर्वांत जुन्या ग्रंथालय-मित्रमंडळांत याची गणना होते. वर्गणी भरून सभासद होता येते. वर्गणी आणि देणग्यांच्या बळावर मंडळ ग्रंथालयाला हस्तलिखिते व दुर्मीळ पुस्तके घेण्यास मदत करते आणि व्याख्यानांतून तिथला ठेवा सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवते.

ज्या ग्रंथालयाला पुस्तके फुकट मिळतात, त्याला वर्गणीदार मित्र कशाला हवेत? १६१० मध्ये सर टॉमस बॉडली यांनी लंडनच्या स्टेशनर्स कंपनीशी, म्हणजे मुद्रक-प्रकाशकांच्या संघाशी, करार केला आणि कंपनीकडे नोंदलेल्या नव्या पुस्तकाची एक प्रत ऑक्सफर्डकडे येऊ लागली. पुढे हा हक्क कायद्याने पक्का झाला. मात्र या वाटेने येतात ती नवी प्रकाशने. लेखकाच्या हातची वही, लिलावात निघालेली पोथी, परदेशात छापलेला जुना ग्रंथ यांना रोख पैसे मोजावे लागतात, आणि लिलावाची तारीख कोणाच्या अंदाजपत्रकासाठी थांबत नाही.

मित्रांच्या जोरावर ग्रंथालय उभे करण्याची कल्पना मंडळापेक्षा फार जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथदालनातली पुस्तके पांगली होती. राजदूत म्हणून काम केलेल्या बॉडलींनी १५९८ मध्ये ते दालन पुन्हा उभे करण्याची तयारी दाखवली आणि ८ नोव्हेंबर १६०२ रोजी ग्रंथालय उघडले. या कामासाठी आपल्यापाशी काय काय होते, ते त्यांनी आत्मवृत्तात सांगितले आहे : भाषांचे ज्ञान, पैसा, सवड आणि मानमरातबाचे पुष्कळ मित्र. देणगीदारांच्या नावांसाठी त्यांनी चर्मपत्राची भलीमोठी नोंदवही करवून घेतली आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी ठेवली. आपले नाव त्या वहीत दिसावे, ही माणसाची साधी इच्छा बॉडलींनी बरोबर ओळखली होती.

मित्र नसले तर काय होते, याचा धडा ग्रंथालयाला शेक्सपिअरच्या ‘फर्स्ट फोलिओ’ने दिला. १६२३ मध्ये छापलेल्या या नाट्यसंग्रहाची प्रत स्टेशनर्स कंपनीच्या वाटेने आली, ऑक्सफर्डमध्येच तिची बांधणी झाली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ती साखळीने फळीला जखडली गेली. पुढे तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा जुनी प्रत जास्तीची ठरून विकली गेली असावी. सुमारे अडीचशे वर्षे तिचा ठावठिकाणा नव्हता. १९०५ मध्ये टर्बट नावाचा एक विद्यार्थी घरातले जुने पुस्तक घेऊन ग्रंथालयात आला. बांधणीची डागडुजी कशी करावी, एवढेच त्याला विचारायचे होते. पुठ्ठ्याचे चामडे, बांधणीची धाटणी आणि साखळीची कडी बसवल्याची खूण पाहून ग्रंथालयाच्या लोकांनी आपले हरवलेले पुस्तक ओळखले.

ओळख पटली, पण पुस्तक आता टर्बट कुटुंबाचे होते आणि अमेरिकेतील संग्राहक हेन्री फोल्जर यांनी नाव गुप्त ठेवून त्यासाठी ३,००० पौंड देऊ केले होते. तोवर बॉडलियनने एका पुस्तकाला एवढी किंमत कधीच दिली नव्हती. कुटुंबाने ग्रंथालयाला त्याच किमतीत घेण्याची संधी आणि पैसे जमवायला मुदत दिली. ग्रंथपाल निकल्सन यांनी जाहीर आवाहन केले, लहानमोठ्या रकमा गोळा झाल्या आणि १९०६ मध्ये प्रत परत आली. ही प्रत पाहावी ती तिच्या झिजलेल्या पानांसाठी. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची पाने वाचणाऱ्यांच्या हातांनी सर्वांत जास्त झिजली आहेत, सज्जाच्या प्रवेशासमोरचे पान तर विरून गेले आहे. सतराव्या शतकातले तरुण कुठे रेंगाळले, हे सांगणारा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. २०१२ मध्ये पुन्हा लोकवर्गणी काढून पाने जपण्यापुरती दुरुस्ती झाली आणि २०१३ मध्ये सगळ्या पानांची छायाचित्रे सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली.

प्रत्येक वेळी अशी धावपळ करण्याऐवजी कायमची वर्गणी असलेले मंडळ हाताशी असावे, हे शहाणपण १९२५ मध्ये प्रत्यक्षात आले. मंडळाच्या मदतीने १९३३ मध्ये जेन ऑस्टिनची ‘व्हॉल्यूम द फर्स्ट’ ही वही ग्रंथालयात आली. किशोरवयात घरच्यांच्या करमणुकीसाठी लिहिलेल्या गोष्टी तिने बाजारच्या तयार कोऱ्या वहीत स्वतः नकलून ठेवल्या होत्या. शेवटच्या नोंदीवर जून १७९३ ची तारीख आहे. बहीण कसांड्राने भाऊ चार्ल्ससाठी लिहिलेली चिठ्ठीही वहीत आहे : यातल्या काही गोष्टी तुझ्याच गमतीसाठी लिहिल्या होत्या, असे आठवते. अशी वही सार्वजनिक ग्रंथालयात येणे हेच मंडळाचे खरे काम. नंतरच्या काळात किमती इतक्या चढल्या, की तिच्याच ‘द वॉटसन्स’ या अपूर्ण कादंबरीच्या हस्तलिखितासाठी २०११ मध्ये ९,९३,२५० पौंड लागले आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय वारसा निधीचा मोठा आधार घ्यावा लागला.

मंडळाची व्याख्याने साधारणतः ग्रंथालयातील संग्रह, नव्याने आलेली हस्तलिखिते आणि चालू प्रदर्शने यांवर असतात. मार्च २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर लोकांसाठी खुल्या झालेल्या बॉडलियनच्या वेस्टन इमारतीत व्याख्यानगृह आणि प्रदर्शनदालने एकाच छपराखाली आहेत. ऑक्सफर्डची लायेल व्याख्यानमाला मंडळाची नव्हे, पण तिचाही उगम एका ग्रंथप्रेमीच्या दानात आहे. पेशाने सॉलिसिटर असलेले जेम्स लायेल यांनी मृत्युपत्राने बॉडलियनला शंभर मध्ययुगीन हस्तलिखिते दिली आणि ग्रंथविद्येवरील व्याख्यानांसाठी निधी ठेवला. मालेतील पहिली व्याख्याने १९५२-५३ मध्ये नील कर यांनी दिली.

भारताशीही या दानपरंपरेचा धागा जुळतो. संस्कृत कोशामुळे मराठी अभ्यासकांच्या परिचयाचे मोनिअर-विल्यम्स यांचा जन्म मुंबईचा, १८१९ चा. ऑक्सफर्डमधील इंडियन इन्स्टिट्यूट या भारताविषयीच्या अभ्यासाच्या संस्थेसाठी निधी मिळवायला त्यांनी भारतात दौरे केले आणि इथल्या संस्थानिकांनीही त्यात भर घातली. त्या संस्थेचे ग्रंथालय १९२७ मध्ये बॉडलियनकडे आले. त्याआधी १९०९ मध्ये नेपाळचे पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी सहा हजारांहून अधिक संस्कृत हस्तलिखिते विद्यापीठाला भेट दिली होती. ती आजही बॉडलियनमध्ये त्यांच्याच नावाने ओळखली जातात.