गुन्हा रक्तात असतो, हे आधी कायद्याने ठरवलं

गुन्हेगारीची कारणं शरीरात शोधण्याचा इतिहास बहुतेक पुस्तकं इटलीपासून सुरू करतात. चेझारे लोंब्रोसो हा तिथला डॉक्टर. विलेल्ला नावाच्या एका कैद्याची कवटी तपासताना त्याला मागच्या हाडावर आतल्या बाजूने एक खळगा दिसला. माणसाच्या कवटीत तिथे सहसा कंगोरा असतो. खळगा आढळतो तो काही प्राण्यांमध्ये. तेवढ्यावरून त्याने सिद्धांत उभा केला की गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस. १८७६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मोठा जबडा, वेडेवाकडे कान, मागे झुकलेलं कपाळ अशा खुणांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असं युरोपभर बोललं जाऊ लागलं.

आपल्याकडे त्याच्या पाच वर्षं आधीच कायदा झाला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, मग चोराचा मुलगा चोर, एवढाच त्यामागचा तर्क. कवटी मोजायचीही गरज कुणाला वाटली नाही. जातीचं नाव पुरेसं होतं. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश मुलखात लागू करता येईल असा झाला. पारधी, भामटे, कैकाडी, कंजारभाट अशी माणसं नोंदवहीत गेली. बोटांना शाई लावून ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचं तर परवाना काढायचा. सोलापूरला तर काटेरी तारेच्या कुंपणाआड अख्खी वसाहत होती. लोक तिला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात.

बैलांच्या तांड्यावर मीठ-धान्य वाहणाऱ्यांचा धंदा रेल्वेने बुडवला होता, जंगल कायद्यांनी शिकाऱ्यांची शिकार बंद केली होती. पोट कशावर भरायचं हा प्रश्न सरकारी कागदात ‘उपजत प्रवृत्ती’ होऊन बसला. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी लबाडी हीच वाटते.

युरोपात निदान तपासणी तरी झाली. इंग्लंडमधल्या तुरुंगांचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३,००० कैद्यांची मापं घेतली आणि इतर माणसांशी ताडून पाहिली. १९१३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की गुन्हेगाराची अशी वेगळी शरीरठेवण नसते. तरी शोध थांबला नाही. १९६५ मध्ये स्कॉटलंडच्या एका बंदिस्त रुग्णालयात पुरुषांमध्ये असणारं ‘वाय’ गुणसूत्र एकाऐवजी दोन, म्हणजे एक जादा असलेले पुरुष अपेक्षेपेक्षा जास्त आढळले आणि ‘गुन्ह्याचं गुणसूत्र’ सापडल्याचा गाजावाजा झाला. डेन्मार्कमध्ये तुरुंगाबाहेरच्या, सर्वसाधारण लोकसंख्येतल्या उंच पुरुषांची तपासणी झाली तेव्हा, १९७६ मध्ये, हिंसेशी असलेला तो संबंध टिकला नाही. बंदिस्त भिंतींच्या आतच शोधलं की असं होणारच.

मानसशास्त्राने प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. लंडनच्या बालमार्गदर्शन केंद्रात जॉन बोल्बी यांच्याकडे चोरी करणारी मुलं येत. १९४४ मध्ये त्यांनी अशा ४४ मुलांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या १४ जणांना कुणाबद्दल मायाच वाटत नव्हती, आणि त्या १४ पैकी १२ जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून किंवा आईच्या जागी असलेल्या माणसापासून तुटलेले होते. अभ्यास छोटा, त्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. पण मला तो वाचताना १८९७ ची दुरुस्ती आठवते. गुन्हेगार जमाती कायद्यातल्या त्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवायची मुभा सरकारला दिली होती. चार वर्षांचं पोर म्हणजे अजून आईच्या हाताने जेवणारं. रक्तातला गुन्हा तोडायचा म्हणून आईच तोडायची!

रक्त आणि संगोपन यांची गाठ कशी पडते ते न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरातल्या अभ्यासाने जास्त नीट दाखवलं. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा माग वर्षानुवर्षं ठेवला गेला. मेंदूतली काही रसायनं मोडणाऱ्या ‘एमएओए’ या विकराचं (एन्झाइमचं) काम ज्यांच्यात जनुकामुळे मंद होतं, त्या मुलांपैकी लहानपणी मारहाण, छळ सोसलेली मुलं पुढे हिंसेकडे जास्त वळली. मंद जनुक आणि छळ दोन्ही वाट्याला आलेले मुलगे १२ टक्के, पण हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांमध्ये त्यांचा वाटा ४४ टक्के, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. तेच जनुक असून जी मुलं मायेत वाढली, त्यांच्यात तसं दिसलं नाही. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हा निष्कर्ष सारख्याच जोराने आलेला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपला कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मग ठिकठिकाणी ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ मध्ये. जन्माच्या जागी सवय हा शब्द आला, आणि कागदावर आता जमात नाही, वारंवार शिक्षा झालेला माणूस आहे. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारध्यांच्या पालांकडे वळते, आणि गाडीचा आवाज ऐकून पोरं उसात पळतात.