ऊन पाठीवरच हवं? तसं काही नाहीये

"फोटो काढताना ऊन पाठीवर घे" हे घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं असतं, आणि त्यांच्या काळात ते बरोबरच होतं, कारण साध्या बॉक्स कॅमेऱ्यात शटर स्पीड (उजेड आत घ्यायचा वेळ) जवळपास फिक्स असायचा, फिल्म स्लो म्हणजे उजेड कमी टिपणारी, भरपूर उजेड नसेल तर फोटो काळाच यायचा. आता मोबाईललाही ती अडचण नाही तरी नियम तसाच चालू आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमधे साताऱ्याजवळ कास पठारावर बघा, बरेच जण सूर्याकडे पाठ करून उभे, आणि तेरड्याचा एवढा सुंदर गुलाबी गालिचा फोटोत सपाट येतो कारण सावल्या फुलांच्या मागे लपतात. सकाळी लवकर जा, सूर्य समोर किंवा जरा बाजूला ठेवा, पाकळ्या पातळ असतात ना, त्यातून उजेड आरपार येतो आणि फूल आतून पेटल्यासारखं दिसतं, दवाचे थेंबसुद्धा चमकतात. (त्या अँगलसाठी फुलांत पाय घालू नका प्लीज, वाटेवरूनच मिळतो.) लेन्सवर थेट ऊन पडत असेल तर हाताची सावली धरा, फूल काळं येत असेल तर त्यावर टॅप करून ब्राइटनेस थोडा वाढवा.

ढग आले तरी परत फिरू नका! 'सीतेची आसवं' नावाच्या फुलांचा जांभळा रंग मऊ उजेडात छान उतरतो, फक्त पांढरंफटक आभाळ फ्रेमबाहेर ठेवा.

निळंशार आभाळ किंवा इंद्रधनुष्य हवं असेल तेव्हा मात्र खुशाल ऊन पाठीवर घ्या.