रिपोर्ट केला, पुढे काहीच झालं नाही? खेळाडूंच्या पंचायतीपुढे केस कशी टिकते

'आम्ही चौघांनी रिपोर्ट केला, तरी तो अजून खेळतोय!' ऑनलाइन गेममध्ये ही तक्रार रोजची. बहुतेकदा राग खरा असतो, रिपोर्टचा रकाना, म्हणजे तक्रारीचं कारण, चुकलेला असतो.

खेळाडूंनीच पंच बनून, मत देऊन निकाल लावायची पद्धत जुनी आहे. लीग ऑफ लेजंड्स या गेममध्ये २०११ साली ट्रायब्युनल, म्हणजे खेळाडूंचं न्यायमंडळ, आलं, २०१४ मध्ये बंद झालं. काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये २०१३ पासून 'ओव्हरवॉच' नावाची तशीच सोय होती, आणि त्याच नावाची सोय डोटा २ मध्ये २०२१ साली आली. (ओव्हरवॉच नावाचा गेम वेगळा. हा खुलासा मी किती वेळा केलाय, मोजणं सोडून दिलंय.)

पात्रता: काउंटर-स्ट्राइकमध्ये पंच व्हायला अर्ज नसायचा, बोलावणं यायचं. अकाउंट किती जुनं, किती तास खेळलात, किती स्पर्धात्मक मॅच जिंकल्या, रँक कोणती आणि तुमच्याविरुद्ध रिपोर्ट किती कमी, हे बघितलं जायचं. 'मला का नाही बोलावलं' म्हणून सपोर्टला पत्रं लिहून उपयोग नसायचा, ठरावीक साच्यातलं उत्तर यायचं. सगळ्या पंचांच्या मताला सारखं वजनही नसायचं; आधीच्या केसमध्ये तुमचा निर्णय कितपत बरोबर ठरला, त्यावर ते ठरायचं.

आता कागदपत्रं, म्हणजे पुरावा. सगळं घोडं इथेच अडतं. ट्रायब्युनलमध्ये पंचांना चॅट वाचायला मिळायचं, म्हणून शिवीगाळ तिथे सिद्ध होऊ शकायची. काउंटर-स्ट्राइकच्या केसमध्ये आठ राउंडचं रीप्ले, म्हणजे मॅचचं चित्रण, असायचं. संशयिताचं नाव झाकलेलं, चॅट आणि आवाज दोन्ही काढलेले. म्हणजे कोणी तुम्हाला अख्खी मॅच आईबहिणीवरून शिव्या दिल्या, तरी पंचाला फक्त मुकाट धावणारा माणूस दिसायचा. तुम्ही जपून ठेवलेला स्क्रीनशॉट त्याच्यापर्यंत पोचायचाच नाही. शिवीगाळीचा रिपोर्ट शिवीगाळीच्याच रकान्यात करा. रागाच्या भरात 'चीटिंग'वर टिचकी मारलीत, तर पंच निशाणेबाजी तपासत बसतो आणि खरा गुन्हा बाजूला राहतो.

माझ्यासमोर आलेली एक केस सांगतो. संशयित दोन राउंड सुरुवातीच्या जागेवर भिंतीकडे तोंड करून उभा. मुद्दाम खेळ बिघडवतोय असं वाटलं. तिसऱ्या राउंडला तो अडखळत, झटके खात निघाला, चौथ्यात पुन्हा थिजला. नेट गेलं होतं की नाटक होतं? ठरवता आलं नाही. मी 'पुरावा अपुरा' दिला.

त्याचा अर्थ 'निर्दोष' असा नाही, हेच कोणाला पटत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये प्रत्येक आरोपाला दोनच उत्तरं होती: संशयापलीकडे सिद्ध, किंवा पुरावा अपुरा. डोटा २ मध्ये दोषी, निर्दोष आणि पुरावा अपुरा असे तीन पर्याय आहेत. पंच असाल आणि खात्री नसेल, तर अंदाजाने दोषी ठरवू नका. समोरच्याचं अकाउंट जाऊ शकतं.

रिपोर्ट कधी करायचा, तेही बघा. मॅच संपली की खेळाडूंची यादी डोळ्यांसमोरून जाते, मग दुसऱ्या दिवशी नाव शोधत बसावं लागतं. जिथे मॅच चालू असताना रिपोर्ट करता येतो, तिथे तेव्हाच करा. आणि एकच करा. त्याच माणसाविरुद्ध पाच रकाने भरले की केस पाचपट बळकट होत नाही.